घरकामातला मुलांचा वाटा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना या गावात कुणी नावाने हाक मारत नसे. त्या सगळ्यांच्याच बाई होत्या. आज इथे बसलेल्यांपैकी बरीच मंडळी त्यांच्या बालवाडीत मुळाक्षरांच्या आधी केर काढायला शिकली. बाईंच्या बालवाडीतल्या केरसुण्या मुलांच्या हातात मावतील एवढ्याच असत आणि मुलांचा हात पोचेल अशा खुंट्यांना टांगलेल्या असत. 'आमची मुलं काय इथे झाडलोट करायला येतात?' असं एखाद्या पालकाने विचारलं, की बाई शांतपणे म्हणत, 'जागा त्यांची आहे.' बाईंच्या या उत्तरात बालशिक्षणाचा एक मोठा विचार सामावलेला आहे. तो घराघरापर्यंत पोचावा, या इच्छेने मी आज बोलणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. लहान मूल आपणहून काम मागत असतं. ते मागतं तेव्हा आपण त्याला बाजूला करतो आणि ते दहा-बारा वर्षांचं झालं की 'घरात इकडची काडी तिकडे करत नाही' म्हणून रागावतो. मधल्या वर्षांत त्याला एक गोष्ट पक्की कळलेली असते: हे घर चालवणारी माणसं वेगळी आहेत, आपण इथे फक्त राहतो. ही समजूत आपणच त्याला देतो. ती बदलायची तर कामाची सक्ती करून भागणार नाही. घराच्या कामात मुलाला त्याच्या वयाला झेपेल असा खराखुरा वाटा द्यावा लागेल, आणि तो लवकर द्यावा लागेल.

मूल काम मागतं, हा केवळ माझ्यासारख्या बालवाडीवाल्यांचा समज नाही. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांचा एक प्रयोग २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात अठरा महिन्यांची २४ मुलं होती. मुलासमोर एक अनोळखी माणूस दोरीवर कपडे वाळत घालतो. त्याच्या हातून चिमटा खाली पडतो. तो वाकून हात लांबवतो, पण हात पोचत नाही. मूल दुडूदुडू चालत जातं, चिमटा उचलतं आणि त्याच्या हातात देतं. दुसऱ्या प्रसंगात त्या माणसाचे दोन्ही हात मासिकांच्या गठ्ठ्याने भरलेले आहेत आणि कपाटाचं दार बंद आहे. तो दारावर आपटतो आणि थांबतो. मूल जाऊन दार उघडतं. अशा वेगवेगळ्या प्रसंगांत २४ पैकी २२ मुलांनी निदान एकदा तरी मदत केली, तीही बक्षीस नाही, शाबासकी नाही, अशा परिस्थितीत. त्या माणसाने चिमटा मुद्दाम खाली टाकला, तेव्हा मात्र मुलं तशी उठली नाहीत. म्हणजे मुलं केवळ वस्तू उचलण्याचा खेळ करत नव्हती. समोरच्याचं काहीतरी अडलंय, हे त्यांना उमगत होतं. ज्या वयात धड वाक्य बोलता येत नाही, त्या वयात माणसाला दुसऱ्याची अडचण कळते आणि ती दूर करावीशी वाटते.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. आई पोळ्या करतेय. तीन वर्षांची मुलगी ओट्याशी येऊन म्हणते, 'मला पण लाटायचीय.' आई कामाच्या घाईत असते. ती कणकेची एक लाटी तिच्या हातात देते आणि म्हणते, 'जा, तिकडे खेळ.' मुलगी ती लाटी फरशीवर थापते, चुरगळते. लाटी काळीमिट्ट होते आणि शेवटी केरात जाते. मुलीने काम मागितलं होतं. आपण तिला करमणूक दिली. तिच्या लाटीचं पुढे काय झालं, हे ती पाहत असते. तिने केलेल्या वस्तूची या घरात कुणाला गरज नाही, हे तिला समजतं.

हाच प्रसंग वेगळ्या रीतीने घडू शकतो. तिचे हात धुवायचे. पोळपाट किंवा ताट खाली घेऊन तिच्यासमोर ठेवायचं. लहानशी लाटी, थोडं पीठ, तिच्या हाताला पेलेल असं लाटणं. पोळीचा नकाशा होईल, होऊ दे. ती पोळी तव्यावर मोठ्यांनी भाजायची आणि जेवताना बाबांच्या किंवा आजोबांच्या पानात वाढायची. आजोबांनी ती नेहमीच्या पोळीसारखी भाजीला लावून खायची. यात पाच-सात मिनिटं जास्त जातात आणि थोडं पीठ सांडतं. त्या पाच-सात मिनिटांत मुलीला जे मिळतं ते महागड्या खेळण्यांच्या दुकानात विकत मिळत नाही.

बालशिक्षणातल्या थोर माणसांनी हे ओळखलं होतं. मारिया मॉन्टेसरी यांनी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी पहिलं बालगृह सुरू केलं. हात धुणं, बटणं लावणं, झाडणं, पुसणं, पाणी ओतणं, ताटल्या मांडणं या रोजच्या व्यवहारातल्या कामांना तिथे शिक्षणाचं स्थान मिळालं. टेबलं, खुर्च्या, जग, बशा, सगळं मुलांच्या मापाचं. मॉन्टेसरीबाईंनी स्वतः लिहून ठेवलेला एक अनुभव मला फार मोलाचा वाटतो. एके दिवशी त्यांनी मुलांना रुमालाने नाक कसं शिंकरायचं, हे दाखवलं. रुमाल कसा काढायचा, कसा धरायचा, आवाज न करता नाक कसं साफ करायचं, हे सगळं सावकाश. मुलं एकटक पाहत राहिली. धडा संपला आणि मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मॉन्टेसरीबाईंना त्याचा अर्थ नंतर लागला. नाकाबद्दल त्या मुलांना सतत बोलणी बसत होती, पण ते साफ कसं करायचं हे तोवर कुणी सावकाश, मानाने दाखवलंच नव्हतं. घरकामाच्या बाबतीत आपण आजही तेच करतो. 'नीट घडी घाल', 'नीट पूस', 'नीट ठेव' असं दिवसभर म्हणतो. नीट म्हणजे कसं, ते दाखवत नाही.

हा विचार आपल्याकडे आला तो भावनगरमार्गे. वकिली सोडून शिक्षणात आलेल्या गिजुभाई बधेकांनी तिथे १९२० साली दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक राजकोटची नोकरी सोडून त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंना एक प्रश्न टोचू लागला: हे शिक्षण शहरातल्या सुखवस्तू घरांपुरतंच राहणार का? १९४५ साली त्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ तिथेच त्यांच्या कामात सामील झाल्या, आणि १९५७ मध्ये हे काम आजच्या पालघर जिल्ह्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेलं. परदेशी साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, माती आली. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. तिथे मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं, नखं कापणं, अंगण झाडणं, हाच पहिला पाठ होता. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे अंगणवाडी हे नाव देशभर पोचलं.

मात्र कोसबादने आणखी एक गोष्ट शिकवली. ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलणं मला अप्रामाणिक वाटेल. तिथल्या आदिवासी मुलांना काम शिकवायची गरजच नव्हती. मुलगे दिवसभर गुरं राखत होते. मुली धाकटी भावंडं कडेवर घेऊन फिरत होत्या. या मुलांच्या वाट्याला काम इतकं आलं होतं, की शिकायला वेळच उरत नव्हता. ताराबाई आणि अनुताईंनी त्यांच्या आईबापांना दोष दिला नाही. गुरं जिथे चरतात तिथेच शाळा नेली, ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे मोठी बहीण धाकट्याला पाळणाघरात ठेवून शेजारच्या वर्गात बसू शकेल. मुलाचा घरातला वाटा मान्य करायचा, पण त्या वाट्याच्या ओझ्याखाली त्याचं बालपण चिरडू द्यायचं नाही, हा तोल त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवला.

तो तोल आजही सांभाळावा लागतो. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं पाहा. आईबाप पहाटे फडात जातात. कोपीपाशी, म्हणजे तात्पुरत्या झोपडीपाशी, तान्ह्या भावाला सांभाळत बसते ती आठ-नऊ वर्षांची मुलगी. पाणी तिनेच भरायचं, भाकरी तिनेच थापायची. तिची शाळा मागे गावात राहिली. हिला आपण 'किती जबाबदार पोर आहे' म्हणतो तेव्हा तिच्यावर अन्याय करतो. तसंच दुसऱ्याच्या घरी भांडी घासायला ठेवलेलं पोर. चौदा वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवण्यावर २००६ च्या ऑक्टोबरपासून बंदी आहे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, तेव्हा चौदा वर्षांखालच्या मुलांना कुठल्याही कामावर ठेवायला मनाई झाली. घरच्या कामात मदतीची मुभा राहिली, पण शाळा सुटल्यावर किंवा सुटीत, आणि काम धोक्याचं नसेल तरच.

कायद्याची ही रेघ आपल्याला घरातही वापरता येते. मुलाचं काम योग्य आहे की नाही, हे ठरवायला मी चार प्रश्न विचारते. या कामामुळे त्याची शाळा, झोप किंवा खेळ बुडतोय का? त्याच्या अंगाला ते पेलतंय का? त्याला दमलो म्हणायची आणि मदत मागायची सोय आहे का? आणि त्या घरातली मोठी माणसंही काम करताहेत का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं किंवा उरलेल्यांपैकी एकाचं जरी 'नाही' आलं, तर ते काम बदलायला हवं.

आता वयाप्रमाणे कामं. हे वेळापत्रक दगडावरची रेघ नाही. मूल पाहून पुढेमागे करायचं.

दीड ते तीन या वयात मुलाला वस्तू इकडून तिकडे नेण्याचा आणि जागेवर ठेवण्याचा नाद असतो. कपडे वाळत घालताना चिमटे देणं, आपला मळका झबला-टोपी धुण्याच्या बादलीत टाकणं, बाहेरून आल्यावर सगळ्यांच्या चपला जोडीने लावणं, सांडलेलं पाणी फडक्याने टिपणं, खेळ झाला की खेळणी टोपलीत भरणं. एवढं पुरे. या वयात शेंगदाणे, मटार, मणी असल्या वस्तू मुलाच्या एकट्याच्या हातात देऊ नयेत. त्या नाकात, घशात अडकतात.

तीन ते पाच या वयात बोटं कामाला येतात. मेथी खुडणं, कोथिंबीर निवडणं, मोठ्यांच्या शेजारी बसून मटार सोलणं, लहान तांब्याने फुलपात्रात पाणी ओतणं, कुंड्यांना पाणी घालणं, हातरुमाल आणि पंचे घडी करणं. सहा ते आठ या वयात रोजची जबाबदारी देता येते: आपलं अंथरूण घालणं आणि काढणं, डबा शाळेतून आल्याबरोबर दप्तरातून काढून घासायला ठेवणं, आपलं ताट-वाटी घासणं, लसूण सोलणं, एका खोलीचा केर काढणं, कोशिंबीर कालवणं. नऊ ते बारा या वयात कामाची साखळी पेलते. कणीक भिजवणं, तांदूळ-डाळ मोजून, धुऊन कुकरची तयारी करणं, मोठं माणूस जवळ उभं असताना गॅस पेटवणं, वाण्याकडून सामान आणून हिशेब देणं, दोरीवरचे कपडे काढून ज्याचे त्याला घडी करून देणं, आठवड्यातून एकदा न्हाणीघर घासणं. उकळतं तेल, विळी, ॲसिड, विजेची उघडी उपकरणं, भरलेली घागर, विहिरीवरचं पाणी, आणि तान्ह्या बाळाची एकट्याने राखण, ही कामं मुलांची नव्हेत. दारिद्र्याने ती मुलांवर आणून टाकली असली तरी नव्हेत.

यातलं एकच काम थोडं जवळून दाखवते, पानं घेण्याचं. पाच वर्षांच्या मुलाला सांगा, 'आज पानं तू घे.' आधी त्याला मोजावं लागतं, जेवायला कोण कोण आहे. आजीचा उपास, म्हणजे एक ताट कमी. मामा आलाय, म्हणजे एक जास्त. ताटाला एक वाटी, एक फुलपात्र. इथे त्याचं गणित होतं, तेही पाटीवर न लिहिता. मग वाढणं. मीठ वर मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी. डावं-उजवं घोकून जे पाठ होत नाही ते चार दिवसांत हाताला कळतं. चिमूटभर मीठ वाढताना बोटांना जी पकड लागते तीच उद्या पेन्सिल धरायला लागते. आणि यापुढची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. मीठ वाढायचं राहिलं तर जेवताना कुणीतरी म्हणतं, 'मीठ दे रे.' त्याचं काम राहिलं तर घराचं अडतं. आपल्यावाचून काहीतरी अडतं, ही जाणीव मुलाला जितक्या लवकर होईल तितकी चांगली. मूल ती जाणीव ओझं म्हणून घेत नाही. त्याला ती मानाची वाटते.

म्हणून काम खरं हवं. नुकतीच पुसलेली फरशी 'तू पण पूस हं' म्हणून मुलाला दिली, तर त्याला फसवणूक कळते. त्याने केलेलं काम त्याच्या पाठीमागे पुन्हा करू नका. त्याने घडी घातलेला पंचा तिरका असेल, तर तो तिरकाच कपाटात जाऊ दे. तुम्ही तो उचलून, झटकून, पुन्हा घडी घातलीत, तर 'तुझं काम चालणार नाही' असं न बोलता सांगितलंत. सुधारायचं असेल तर दुसऱ्या दिवशी, आधी, शेजारी बसून दाखवा: काठाला काठ असा जुळवायचा. कमी बोला, सावकाश दाखवा, मग हात मागे घ्या.

पैशांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. 'केर काढलास तर दहा रुपये' हा सौदा हल्ली बऱ्याच घरांत दिसतो. हेतू चांगला असतो, मुलाला पैशाची किंमत कळावी असा. पण वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांनीच २००८ साली वीस महिन्यांच्या मुलांवर केलेला प्रयोग सांगतो, की मदतीबद्दल ज्यांना वस्तू बक्षीस दिली, ती मुलं पुढे कमी मदत करू लागली. ज्यांना नुसतं कौतुक मिळालं किंवा काहीच मिळालं नाही, त्यांची मदतीची वृत्ती टिकून राहिली. घरातल्या कामाला दर लावला की मूल दर परवडतोय का ते पाहायला लागतं. हातखर्चाला पैसे जरूर द्या, हिशेब शिकवा. तो व्यवहार घरकामाशी जोडू नका. कौतुक करायचं तर कामाचा परिणाम सांगा: 'तू लसूण सोलून ठेवलास म्हणून आज जेवण वेळेवर झालं.' काम नाकारलं तर शिक्षा म्हणून काम वाढवूही नका. 'उलटं बोललास ना, आता सगळी भांडी घास' असं म्हणून आपण भांडी घासणाऱ्या प्रत्येक माणसाचा अपमान करतो.

इथून मला दोन कठीण गोष्टींकडे यायचं आहे. पहिली, मुलगा आणि मुलगी. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळ-वापराची पाहणी केली. सहा वर्षांपासून पुढच्या सगळ्या माणसांचा दिवस त्यात मोजला होता. घरच्यांसाठी बिनपैशांचं घरकाम दिवसभरात केलेल्या बायका-मुली होत्या ८१ टक्क्यांच्या वर, आणि पुरुष-मुलगे २६ टक्के. जे करत होते त्यांच्यातही बायकांचा सरासरी वेळ २९९ मिनिटं आणि पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ ची पाहणी आली. बायकांची मिनिटं थोडी घटून २८९ झाली, पण पुरुषांचीही घटून ८८ वर आली. पाच वर्षांत हे अंतर तसंच राहिलं.

हे अंतर लग्नानंतर निर्माण होत नाही. ते सहाव्या-सातव्या वर्षी निर्माण होतं, 'जा गं, दादाला पाणी दे' या वाक्याने. दादा खेळून आलाय, तीही खेळून आलीय. माठ दोघांपासून सारख्याच अंतरावर आहे. त्या घरात मुलीला पाणी देण्याचं शिक्षण मिळतं आणि मुलाला पाणी मागण्याचं. दोघांचंही नुकसान होतं. पुढे शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला गेलेला मुलगा साधा वरण-भात लावू शकत नाही, त्याला आपण लाडावलेला म्हणतो. मी त्याला अर्धवट शिकलेला म्हणेन. मुलींना कामं कमी द्या असं माझं म्हणणं नाही. कामं आठवड्याने फिरती ठेवा. या आठवड्यात मुलाने भांडी, मुलीने बाजार, पुढच्या आठवड्यात उलट. आणि कामाची वाटणी करताना वडिलांनी स्वतःचंही काम ठरवून घ्यावं. वडील वर्तमानपत्र वाचत बसले आणि मुलाला केर काढायला सांगितला, तर मूल केरसुणी हातात घेईल, पण मोठं झाल्यावर वर्तमानपत्रच घेईल.

दुसरी कठीण गोष्ट, कामाची उतरंड. आपल्या समाजात घाण करणारा एक आणि साफ करणारा दुसरा, ही रीत जातीने घालून दिली आणि ती आपण अजून मोडलेली नाही. ज्या घरी भांड्याला, केराला, धुण्याला बाई येते, त्या घरातल्या मुलांना वाटतं, की ही कामं कुणा विशिष्ट माणसांचीच असतात. गांधीजींनी सेवाग्रामच्या नई तालीममध्ये सफाईला शिक्षणात स्थान दिलं ते यासाठीच. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम स्वतः करण्याचा आग्रह धरला. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात ते काम मिळावं म्हणून त्यांनी अन्न नाकारलं. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त पत्रावळ लावायला शिकणारा श्याम आहे. या सगळ्यांना एकच गोष्ट दिसत होती: ज्याचे हात स्वतःच्या घरात कामाला लागले नाहीत, त्याला दुसऱ्याच्या कष्टाची किंमत नुसत्या उपदेशाने कळत नाही.

तुमच्याकडे कामाला बाई येत असतील तर त्यांचं काम काढून घ्या असं मी म्हणणार नाही. त्यांचं घर त्यावर चालतं. पण मुलांचं ताट मुलांनी खरकटं काढून, विसळून ठेवावं. मावशी सुटीवर असतील त्या दिवशी भांडी सगळ्यांनी मिळून घासावीत. मुलाने त्यांना 'अहो मावशी' म्हणावं. आणि स्वतःच्या संडासाची सफाई दहा-बारा वर्षांच्या मुलाने मोठ्यांबरोबर हातमोजे घालून शिकावी. जातीच्या विरोधात घरात देता येणारा याहून थेट धडा मला माहीत नाही.

पालक मला म्हणतात, 'वेळ कुठे आहे? सकाळी सहाला व्हॅन, दुपारपर्यंत शाळा, संध्याकाळी क्लास.' मी त्यांची ओढाताण समजू शकते. दोघं नोकरी करतात, घर लहान, रात्री सगळे थकलेले. पण मी वीस मिनिटंच मागते आहे, आणि तीही एकत्र. जेवणाच्या आधी दहा, नंतर दहा. 'तू फक्त अभ्यास कर, बाकीचं आम्ही बघतो' असं म्हणून आपण मुलावर प्रेमाने मोठं ओझं टाकतो. त्या मुलाकडे घरात उपयोगी पडण्याचा एकच मार्ग उरतो, मार्क मिळवणं. मार्क कमी पडले की त्याला वाटतं, आपण या घरात कशालाच उपयोगी नाही. ज्याच्या हातची कोशिंबीर आजोबांना आवडते, ज्याच्यावाचून कुंड्या सुकतात, त्या मुलाला नापास झाल्याच्या दिवशीही घरात एक जागा असते. एवढ्या एका कारणासाठी तरी मुलांना काम द्या.

या गावातल्या पालकांना आणि शिक्षकांना माझी एक विनंती आहे. घरी गेल्यावर मुलाला जवळ घेऊन बसा आणि विचारा, घरातलं कुठलं काम तू घेशील? निवड त्याची, वेळ ठरवायची दोघांनी. ते काम त्याला एकदा सावकाश दाखवा आणि मग त्याच्यावर सोपवा. ते विसरलं तर आठवण करा, पण त्याच्याऐवजी करून टाकू नका. सांडलं तर फडकं कुठे आहे ते सांगा. अंगणवाडीताईंनी मुलांच्या हाताचे झाडू, फडकी, लहान तांबे मागावेत आणि ग्रामपंचायतीने ते द्यावेत. त्याला फार पैसे लागत नाहीत. पहिले काही महिने घर जरा पसरलेलं दिसेल, पोळ्या वाकड्या येतील, पाहुण्यांसमोर संकोच वाटेल. त्या संकोचापायी मुलाच्या हातातलं काम काढून घेऊ नका. एकदा दिलेला वाटा त्याचाच राहू द्या.